डावी बाजू जड

वर्षाली केकाण उजव्या कुशीवर झोपायची. त्या सकाळी जाग आली तेव्हा सगळं चिडीचूप होतं. खालच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर बंद, रस्त्यावरच्या बसेस बंद, अख्खी भोसरी जणू कोणीतरी बटण दाबून बंद केलेली. आई-बाबा बाहेर गेले की काय, असा विचार करत ती उठून बसली. उशीखाली दबलेला उजवा कान मोकळा झाला आणि सगळा गोंगाट एकदम अंगावर आला. ग्राइंडर चालूच होता. आई स्वयंपाकघरातून केव्हापासून हाका मारत होती.

तिने डाव्या कानात करंगळी फिरवली. मोबाइलवर गाणं लावून कानाशी धरलं. काहीच नाही. फक्त कानाच्या आत, फार खोल, एक बारीक शिट्टी चालू होती.

"मळ साचला असंल," तिची आई, सुमनताई, म्हणाल्या. "लसणाचं तेल कोमट करून टाकते. दोन दिवसांत मोकळा व्हतो बघ."

वर्षालीने मान डोलावली. मळच असावा, अशी तिचीही फार इच्छा होती.

चाकणच्या ज्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर दाबून काढतात, तिथे वर्षाली क्वालिटीला होती. नोकरी बरी होती, पण तिचा जीव दुसरीकडे होता. कंपनीची बस पुणे-नाशिक रोडवर गोगलगायीसारखी सरकायची तेव्हा बाकीचे झोपायचे आणि ही हेडफोन लावून टेक्नो ऐकायची. टेक्नो म्हटलं की सुमनताईंच्या डोळ्यांपुढे गणपतीतली डीजेची भिंत उभी राहायची. हे ते नव्हतं. यात शब्द नसतात, गायक नसतो. एक ठोका सुरू होतो आणि चालतच राहतो. त्याच्याभोवतीचं बाकी सगळं इतकं हळूहळू बदलत जातं, की कधी बदललं ते बोट ठेवून सांगता येत नाही. ऊन अंगणातून सरकतं तसं.

नुसतं ऐकून तिचं भागेना, म्हणून सांगवीला योगिनीच्या घरी ती शिकायला जाऊ लागली. योगिनी चाळिशी ओलांडलेली, परदेशात वाजवून आलेली, मोजकंच बोलणारी बाई. फिल्टर म्हणजे आवाजावर टाकलेला पडदा, हे वर्षालीला तिने पहिल्यांदा समजावलं. एक नॉब फिरवला की तो पडदा बाजूला होतो आणि बंद खोलीतून येणारा आवाज मोकळ्यावर येतो. योगिनी तो नॉब इतका सावकाश फिरवायची की बघणाऱ्याला हात थांबलाय असं वाटावं. "ऐकणाऱ्याला तुझा हात दिसता कामा नये," ती म्हणायची. "पण हात काढून घेतलास तर त्याला चुकल्यासारखं वाटलं पाहिजे."

वर्षालीने ते इतकं मनावर घेतलं, की पुढे तिने जे जे केलं त्याला एकच दाद मिळू लागली, "अगदी योगिनीसारखं!" आधी तिला याचा आनंद व्हायचा. मग तो आनंद टोचायला लागला.

संगीतातला तिचा जोडीदार गणराज. हा कुरुळीचा, शेतकऱ्याच्या घरचा. दिवसा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहायचा. ठोक्यांची बांधणी त्याची, वरचे सूर आणि फिल्टर तिचा. भोसरीतच दुसऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर दोघांनी कामासाठी खोली घेतली होती. खाली लेथ चालायचा, वर यांचे स्पीकर. आणि आता पहिल्यांदाच त्यांना लोकांसमोर वाजवायची संधी आली होती. योगिनी एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये दुपारचा कार्यक्रम करणार होती. वार गुरुवार, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीचा. त्यात अर्धा तास यांचा. शेवटी वाजवायचा नवा ट्रॅक आवडला तर तो ती आपल्या पुढच्या ट्रॅकसंग्रहात घेणार होती.

आणि ऐन अशा वेळी वर्षालीचा कान गेला होता.

तेल घालून झालं, वाफ घेऊन झाली. कान उघडेना. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे पाच. बसमध्ये ती डावीकडची खिडकी धरून बसू लागली, म्हणजे बोलणारा उजवीकडेच येईल. कंपनीत कोणी डावीकडून हाक मारली की ती कामात गढल्याचं सोंग करायची. खोलीवर मात्र सोंग चालणार नव्हतं.

गणराजने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "वर्षाली, हे सगळं डावीकडं कललंय."

"म्हणजे?"

"म्हणजे डावी बाजू जड झालीय. ती झांज बघ ना, चिक-चिक, चिक-चिक. डाव्या कानात सुई टोचल्यागत होतंय."

ते ऐकताक्षणी तिला उमगलं. गेले पाच दिवस ती डाव्या बाजूचा आवाज थोडा थोडा वाढवत होती. तिला तो पुरेसा ऐकू येत नव्हता, म्हणून.

"मुद्दाम केलंय," ती म्हणाली.

"मुद्दाम? का?"

"वेगळं वाटावं म्हणून."

गणराजने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "असं करू. आजकाल सगळे आवाज आपोआप मिक्स करून देणारं सॉफ्टवेअर हाय, त्याच्यात टाकतो. आणि तो फिल्टर तू हाताने फिरवलायस तो पण डगमगतोय. मी माउसनं सरळ रेघ मारतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदम गुळगुळीत."

त्याने ते केलंही. काही मिनिटांत ट्रॅक तयार झाला. त्याने तो लावला. वर्षाली कान देऊन ऐकत राहिली. सगळं जागच्या जागी होतं, इस्त्री केल्यासारखं. पूर्वीची वर्षाली असती तर हे चांगलं की मेलेलं, एका झटक्यात सांगून मोकळी झाली असती. आज तिला कळेना. तिला खरंच कळेना.

"नको," ती म्हणाली. "काढून टाक हे."

"काय वाईट हाय त्याच्यात?"

"हात नाहीये."

"हात?" गणराजचा आवाज चढला. चिडला की त्याची भाषा पार कुरुळीला जाऊन पोचायची. "तुझ्या ट्रॅकात तरी तुझा हात कुठं हाय गं? हात तर योगिनीमॅडमचा हाय! आपण नक्कलच करणार असू, तर मशीननं केली म्हणून काय बिघडलं?"

वर्षालीने पर्स उचलली आणि जिना उतरली. तो मागून काहीतरी म्हणाला, पण डाव्या बाजूने. तिला ऐकू आलं नाही.

घरी जेवताना ती उद्धवरावांच्या शेजारी बसली, रोजच्याच जागी. तिचे वडील उद्धवराव तरुणपणी केजहून इथे आले आणि फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर लागले. लालभडक लोखंडावर दिवसभर घण पडायचा. निवृत्त होईस्तोवर दोन्ही कान जवळजवळ गेले होते. केकाणांच्या घरात सगळे जोरात बोलायचे ते त्यांच्यासाठीच. नवीन पाहुण्याला वाटायचं, भांडण चाललंय.

उद्धवरावांनी ताटातली भाकरी मोडता मोडता थांबून लेकीकडे पाहिलं. मग तिच्या डाव्या खांद्यावर टिचकी मारली. ती दचकली.

"कधीपासून?" ते म्हणाले.

"काय कधीपासून, बाबा?"

"मान वाकडी करून ऐकायलीस. उजवा कान पुढं घेऊन. मी तुला दोनदा मीठ मागितलं."

सुमनताई मध्येच म्हणाल्या, "अवो, मळ झालाय तिच्या कानात. तेल घालायले मी."

उद्धवरावांनी ताट बाजूला सारलं. "मी पण मान वाकडी करूनच बसायचो. तुझ्या आईला वाटायचं, माणूस तोऱ्यात हाय. साहेबाला कळलं तर हॅमरवरून काढंल, म्हणून मी बोललो न्हाई. बोललो तवर हातातलं गेलं व्हतं." ते उठले. "चल. चप्पल घाल."

"उद्या जाऊ, बाबा."

"आत्ता."

सांगवीच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टर मिनल अजून बसलेल्या होत्या. दुर्बिणीतून पाहून त्या म्हणाल्या, "मळ नाही," आणि त्यांनी वर्षालीला एका जाड भिंतींच्या पेटीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक टूं आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाची तपासणी सुरळीत झाली. मग डावा.

टूं. दाबलं. टूं. दाबलं. टूं. दाबलं. तिला हायसं वाटायला लागलं. येतंय की ऐकू! आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण ऐकत नाहीच आहोत. आवाज ठरावीक अंतराने येत होते. ते अंतर तिच्या अंगात बसलं होतं आणि अंगठा त्या ठेक्यावर आपोआप पडत होता. इतकी वर्षं ठोके मोजलेला अंगठा. आत कानात शिट्टीशिवाय काही नव्हतं.

तिने काचेवर टकटक केलं. "पुन्हा घ्या," ती म्हणाली. "मी अंदाजाने दाबत होते. अंतर कमी-जास्त ठेवून घ्या."

दुसऱ्या वेळी तिचा अंगठा बराच वेळ हललाच नाही. काचेपलीकडे उद्धवराव उभे होते. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

डॉक्टर मिनलनी काही लपवलं नाही. "आतली नस आहे. अचानक जातो कान असा. लगेच यायला हवं होतं, पण अजून वेळ गेलेली नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या आजपासून सुरू करू. गरज पडली तर कानात इंजेक्शन देऊ."

"परत येईल?"

"काहींचं सगळं परत येतं. काहींचं थोडं येतं. काहींचं येत नाही. तुमचं काय होईल ते आत्ता मला सांगता येणार नाही."

"प्रेसच्या आवाजाने झालं का? की माझ्या गाण्यांनी?"

"बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. स्वतःला दोष देत बसू नका. पण मोठा आवाज बंद. प्रेस शॉप बंद, स्पीकर बंद."

"या गुरुवारी माझा कार्यक्रम आहे."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "अजिबात नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्षाली खोलीवर गेली तेव्हा गणराज एकटाच बसला होता. ती दारातच उभी राहिली. आत जाऊन बसलं तर बोलणं जमणार नाही, असं तिला वाटलं.

"माझा डावा कान गेलाय. म्हणून डावी बाजू जड झाली. मुद्दाम वगैरे काही नव्हतं."

गणराजने आधी हात पुढे केला आणि स्पीकरचा आवाज उतरवला, दोन माणसं बोलतात एवढा. "आयला," तो हळूच म्हणाला. "आणि मी तुला काय काय बोललो."

"ते खरं होतं. तेही बघायचंय आपल्याला. पण आधी डावं-उजवं तू सांभाळ. मी सांगणार नाही, तू सांगायचं."

त्या बारक्या आवाजात त्यांनी काम सुरू केलं. मोठ्या आवाजात जे झाकून जायचं ते आता उघडं पडत होतं. गणराज डोळे मिटून ऐकायचा आणि "झांज खाली, आणखी खाली, बास" असं सांगायचा. वर्षाली त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून हात हलवायची. हे तिला फार जड गेलं. स्वतःच्या ट्रॅकमध्ये डोळे बांधून चालल्यासारखं.

मग फिल्टरचा प्रश्न आला. कुठला कोणता ते न सांगता तिने त्याला दोन्ही लावून दाखवले, एक माउसच्या रेघेचा आणि एक हाताने फिरवलेला.

"पहिला," गणराज म्हणाला. "स्वच्छ हाय."

पहिला रेघेचा होता. वर्षालीचं तोंड उतरलं. गणराज दोन्ही पुन्हा ऐकायला लागला, या वेळी शेवटपर्यंत. आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "थांब. पहिल्यात मला पुढं काय होणार ते आधीच कळतंय. एकदा कळलं की मी ऐकायचा थांबतोय. दुसऱ्यात न्हाई कळत." त्याने तिच्याकडे पाहिलं. "दुसरा तुझा का?"

"हो."

"मग तोच ठेवू."

"ठेवायचा नाही," वर्षाली म्हणाली. "गुरुवारी तो तिथेच फिरवायचा, लोकांसमोर. आणि तो तू फिरवायचास."

"मी? वेडी हाय का! मी आजवर गावच्या जत्रेत माइक धरला न्हाई."

"मला शेडच्या आत यायची परवानगी नाही, गणराज."

योगिनीचा फोन आला तेव्हा वर्षालीने तिलाही सगळं सांगितलं. "तू बरी हो," योगिनी म्हणाली. "तुमचा अर्धा तास मी भरून काढते. त्यात कमीपणा काही नाही."

"गणराज वाजवेल."

"त्याला जमेल?"

"माहीत नाही," वर्षाली म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी एमआयडीसीचे रस्ते ओस पडलेले. त्या शेडपुढे मात्र दुचाकींची रांग लागली होती. वर्षाली दोन्ही कानांत बोळे घालून रस्त्याच्या पलीकडे, बंद चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. शेडचं मोठं शटर खाली ओढलेलं, बाजूचा छोटा दरवाजा उघडा. आतून ठोका येत होता. ऐकू कमी येत होता, पायाखालच्या फरशीतून जास्त जाणवत होता.

गणराज उभा राहिला ते तिला ठोक्यावरूनच कळलं. त्याची बांधणी ती झोपेतही ओळखली असती. पहिला ट्रॅक गेला, दुसरा गेला. मग शेवटचा लागला. तिचे पाय आपोआप रस्ता ओलांडून गेले आणि तिने शटरवर तळहात टेकला. पत्रा एका लयीत थरथरत होता.

फिल्टर उघडायची जागा जवळ आली. तिचा उजवा हात हवेतच किंचित वळला. आता. आता सुरू कर.

गणराजने सुरू केलं नाही.

ठोका तसाच चालू राहिला, पडद्याआड, कोंडलेला. एक फेरी गेली, दुसरी गेली. गोठला, तिच्या मनात आलं. लोकांकडे बघून हात गोठला त्याचा. आतल्या गर्दीची कुजबुज तिला ऐकू येत नव्हती, पण ती असणार याची खात्री होती. लोक कंटाळून मोबाइल काढत असतील. योगिनी भिंतीला टेकून बघत असेल. छोटा दरवाजा चार पावलांवर होता. आत जाऊन, त्याच्या हातावर हात ठेवून, एवढंच करायचं. मिनिटभराचं तर काम. तिने दरवाज्याची कडी धरली. बोळे घातलेल्या कानावरसुद्धा आतला आवाज भिंतीसारखा येऊन आदळला आणि डाव्या कानातली शिट्टी एकदम चवताळली. पेटीतला न हललेला अंगठा तिला आठवला. तिने कडी सोडली.

ती परत टपरीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी टपरीची फळी धरून उभी राहिली. उभं राहणं इतकं कठीण असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

आणि मग फिल्टर उघडायला लागला. तिने उघडला असता त्याच्या कितीतरी नंतर. आणि तिच्यासारखा संथ नाही. आधी अडखळत, पुन्हा थोडा मागे, आणि मग एका दमात, बांध फुटून पाणी सुटावं तसा. शेडमधून आरडाओरडा झाला. शटरचा पत्रा खडखडायला लागला. वर्षालीला रडू आलं. ते आनंदाचं होतं असं मात्र नाही. जागा तिची होती आणि तिने ती तशी कधीच उघडली नसती.

थोड्या वेळाने योगिनी घामाने भिजलेली बाहेर आली आणि मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तिथपर्यंत मला माझंच काहीतरी ऐकू येत होतं," ती म्हणाली. "ते शेवटचं कोणाचं?"

"त्याचं."

"तू सांगितलं होतंस त्याला, एवढं थांब म्हणून?"

"नाही. मला वाटलं तो घाबरला."

योगिनी हसली. "घाबरलाच होता. मी त्याच्या समोर होते. नॉब धरून नुसता उभा होता." मग म्हणाली, "हाच घेणार मी. पण त्याने आज वाजवला तसा. चालेल का तुला, ते बघ."

वर्षालीने लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस ती गणराजशी धड बोलली नाही. पण शेवटी तिनेच त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा बारीक आवाजात ऐकलं आणि योगिनीला कळवलं, की घ्या.

कान अर्धामुर्धा परत आला. माणसांचं बोलणं कळतं, झांजेचे बारीक आवाज कळत नाहीत, आणि शिट्टी आहे ती आहेच. कंपनीने तिला प्रेस शॉपमधून डिस्पॅचला टाकलं. तिथे आवाज कमी आणि कटकटी जास्त. स्पीकर अजूनही बोलण्याएवढ्याच आवाजात लागतात. वरच्या सुरांचा शेवटचा शब्द गणराजचा असतो आणि खालच्या सुरांचा तिचा, असं ठरलंय, म्हणजे कागदावर ठरलंय.

सध्या नव्या ट्रॅकवरून दोघांचं वाजलंय. तिला मध्ये ठोका पूर्ण थांबवायचाय, फक्त एका श्वासाएवढा. गणराज म्हणतो, थांबला की लोक घरी जातील. ती म्हणते, थांबवून बघू. परवा तो तणतणत खाली वडापाव खायला गेला. परत आला तेव्हा तिने चालू ट्रॅकमधला ठोका थांबवून ठेवला होता, आणि तो दारात वडापाव हातात धरून, पुढचा ठोका कधी पडतोय याची वाट बघत उभा राहिला.